आभाळातला तांडा

दिवाळी आली की आपल्याकडे मुले किल्ला बांधतात. वाड्यांची अंगणे गेली, तरी सोसायटीच्या एखाद्या कोपऱ्यात दगड, माती आणि पोत्याची तरटे गोळा होतात. अळीव पेरलेले शेत उगवते, आरशाच्या तुकड्याचे तळे होते, वर महाराज सिंहासनावर बसतात आणि बुरुजाबुरुजांवर मावळे उभे राहतात. तोफा असतात, वाघ असतो, अलीकडे तर मोटारी आणि विमानेही असतात. एकच गोष्ट मी त्या किल्ल्यांवर कधी पाहिली नाही. ती म्हणजे धान्याचे कोठार!

वास्तविक कोठारावाचून किल्ला म्हणजे नुसता डोंगर. पन्हाळ्यावर गेलेल्यांनी तिथला अंबरखाना पाहिला असेल. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नद्यांची नावे त्या कोठारांना दिलेली आहेत. नाव देणाऱ्याला पुरते ठाऊक होते की, वेढा पडल्यावर गडाला जगवणारी नदी ती हीच. पण शाहिराची डफावर थाप पडली की तो तलवारीचे गातो, घोड्याचे गातो. गोणीचे गात नाही. मी मराठी वाङ्मय शिकवतो, म्हणून ही तक्रार थोड्या अधिकाराने करतो. दख्खनच्या मोहिमांत फौजांच्या मागून लमाणांचे तांडे चालत. हजारो बैलांच्या पाठींवर गोण्या लादलेल्या असत. मोगल असोत, मराठे असोत की इंग्रज, साऱ्यांचे सैन्य त्या बैलांच्या पाठीवर पोसले गेले. त्या तांड्यांचे पोवाडे कोठे आहेत?

आणि रसद तुटली म्हणजे काय होते, हे मराठी माणसाला कोणी नव्याने सांगायला नको. पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीला अन्न पोहोचवण्याची खटपट करणारे गोविंदपंत बुंदेले १७६० च्या डिसेंबरात मारले गेले. त्यानंतर महिन्याच्या आतच, १४ जानेवारी १७६१ रोजी, उपाशी पोटाने आपले सैन्य रणात उतरले. पुढचे आपण जाणतोच.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे गेले काही दिवस मी एका निराळ्याच तांड्याचा इतिहास वाचीत होतो. या तांड्याला बैल नव्हते, पंख होते. भारतीय हवाई दलाची १२ क्रमांकाची स्क्वाड्रन ती ही. १९४७–४८ च्या काश्मीर युद्धात या स्क्वाड्रनने जे केले, ते मला लढाऊ विमानांच्या चित्तथरारक कथांहून अधिक विचार करण्याजोगे वाटले.

हिचा जन्म १९४५ च्या डिसेंबरात कोहाट येथे झाला. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. पहिल्याने तिला स्पिटफायर ही लढाऊ विमाने मिळाली. स्पिटफायर म्हणजे त्या काळच्या तरुण वैमानिकांच्या स्वप्नातले विमान. पण थोड्याच अवधीत ती विमाने गेली आणि तिच्या वाट्याला डाकोटा आली. अरबी घोड्यावरून उतरवून एखाद्याच्या हाती बैलगाडीचा कासरा द्यावा, तसाच हा प्रकार. काही तरुण मनातून खट्टू झाले असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही.

मग फाळणी आली. घरातली भांडीकुंडी वाटून घ्यावीत तशी हवाई दलाची वाटणी झाली. वाहतुकीच्या स्क्वाड्रनी मुळात दोनच. त्यांतली ६ क्रमांकाची पाकिस्तानकडे गेली, १२ क्रमांकाची आपल्याकडे राहिली. म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ रोजी, एवढ्या अफाट देशाकडे सैन्य आणि सामान हवेतून नेणारी स्क्वाड्रन होती एकच!

आता डाकोटाविषयी दोन शब्द. हे अमेरिकेतल्या डग्लस कंपनीचे विमान. मुळात ते प्रवाशांसाठी काढले होते आणि १७ डिसेंबर १९३५ रोजी ते प्रथम आकाशात गेले. महायुद्धात त्याची लष्करी आवृत्ती हजारोंच्या संख्येने तयार झाली. दोन इंजिने, पंचाण्णव फुटांचा पंख आणि वेग ताशी दीडशे-पावणेदोनशे मैल. शेपटीखाली लहानसे चाक असल्यामुळे जमिनीवर ते नाक वर करून बसलेले असते आणि आत शिरणाऱ्याला दारापासून पुढे चढण चढावी लागते. डाव्या अंगाला मागच्या बाजूस मालाचे मोठे दार. त्या दारातून जवान चढत, पोती चढत, वेळ पडली तर तोफही चढे. बंदूक म्हणाल तर विमानावर एकही नाही. वाटेत कोणी अडवले तर पळून जाण्याइतका वेगही नाही. तब्येत मात्र राकट. माळावर उतरवा, धुळीत उतरवा, ठिगळ लावा, पुन्हा उडवा. देखणेपणाची अपेक्षा न ठेवता संसार रेटणारी माणसे आपल्या घरांतून असतात ना, त्या जातीचे हे विमान.

या विमानांवर काश्मीरचे काम येऊन पडले ते अगदी अकस्मात. २२ ऑक्टोबर १९४७ रोजी टोळीवाल्यांच्या झुंडी पाकिस्तानच्या बाजूने काश्मीरच्या हद्दीत शिरल्या. मुजफ्फराबाद पडले. माहुरा येथील वीजघर त्यांच्या हाती गेले आणि श्रीनगरमधले दिवे विझले. महाराज हरिसिंह यांनी २६ तारखेला विलीनीकरणाच्या कागदावर सही केली. फौज पाठवायची हे ठरले. पण पाठवायची कशी? श्रीनगरला जाणारा चांगला रस्ता रावळपिंडीवरून बारामुल्लामार्गे होता आणि त्याच रस्त्याने हल्लेखोर येत होते. दुसरा रस्ता जम्मूवरून बनिहालची खिंड ओलांडून जाणारा. तो लांबचा आणि बिकट, शिवाय हिवाळा तोंडावर आलेला. फौज त्या रस्त्याने पोहोचेपर्यंत श्रीनगरमध्ये वाचवायला काही उरले नसते. राहिला मार्ग आकाशाचा.

२७ ऑक्टोबरच्या पहाटे दिल्लीहून पहिली डाकोटा विमाने निघाली. स्क्वाड्रनचे प्रमुख होते विंग कमांडर के. एल. भाटिया. विमानांत होते पहिल्या शीख पलटणीचे जवान आणि त्यांचे नायक लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय. एकेका विमानात सुमारे पंधरा जवान आणि त्यांचे थोडेफार सामान. पलटण म्हणजे शेकडो माणसे. आणि नेणार पंधरापंधरांनी! कागदावर मांडून पाहिले तर हा बेत खुळेपणाचाच वाटावा. त्यातून श्रीनगरची धावपट्टी म्हणजे महाराजांच्या खाजगी विमानांसाठी राखलेले मैदान. रात्री उतरण्याची सोय नाही, पेट्रोलचा साठा नाही.

त्याहून मोठी पंचाईत अशी की, ते मैदान त्या घटकेला कोणाच्या हाती आहे, हे दिल्लीत कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. म्हणून राय यांना हुकूम असा मिळाला होता : श्रीनगरवर जाऊन घिरट्या घाला, मैदान आपल्या लोकांच्या ताब्यात आहे अशी खात्री पटली तरच उतरा, नाहीपेक्षा जम्मूला माघारी या. आपण तिकिटाचा नंबर आणि फलाट दोनदा विचारून गाडीत बसणारी माणसे. आपण उतरणार ते ठिकाण मित्राचे की शत्रूचे, हे हवेतून डोकावून ठरवायचे, या कल्पनेनेच आपला घास घशात अडकेल.

मैदान आपलेच निघाले. विमाने उतरली, जवान दारातून खाली उड्या टाकून पांगले आणि विमाने लगोलग दुसरी खेप आणण्यासाठी दिल्लीकडे वळली. दिवाण रणजित राय त्याच दिवशी बारामुल्लाच्या रस्त्यावर पुढे गेले आणि तिथेच धारातीर्थी पडले. सकाळी विमानाने आलेला माणूस त्या दिवशी रणात पडला. पण त्याच्या माणसांनी शत्रूला रोखून जो वेळ मिळवला, त्या वेळात मागून आणखी विमाने उतरत राहिली.

हे काम एकट्या १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. नागरी कंपन्यांची डाकोटा विमाने मदतीला घेण्यात आली. काल ज्यांनी प्रवाशांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या असतील, त्या विमानांतल्या खुर्च्या निघाल्या आणि तिथे काडतुसांच्या पेट्या बसल्या. १७ नोव्हेंबरपर्यंत दिल्लीहून अशी ७०४ उड्डाणे झाली. या तीन आठवड्यांत श्रीनगर वाचले, ८ नोव्हेंबरला बारामुल्ला परत मिळाले आणि खोरे सुरक्षित झाले. लढले ते जवान, यात शंका नाही; मात्र लढायला ते तिथे वेळेवर हजर होते, याचे श्रेय त्या ७०४ खेपांना द्यावे लागेल.

श्रीनगरची हकीकत बऱ्याच जणांना ठाऊक असते. पूंछची तितकी नसते आणि माझे मन खरे रेंगाळले ते तिथे.

पूंछ हे डोंगरांनी वेढलेले लहान शहर. १९४७ च्या नोव्हेंबरात ब्रिगेडियर प्रीतमसिंग आपल्या सैनिकांसह तिथे पोहोचले, आणि मागचा रस्ता बंद झाला. भोवतालच्या डोंगरांवर शत्रू. आत शिबंदी थोडी, आणि जीव मुठीत धरून आसपासच्या मुलखातून आलेले निर्वासित सुमारे चाळीस हजार. बायका, मुले, म्हातारी माणसे. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावात एका रात्रीत चाळीस हजार पाहुणे यावेत आणि त्याच रात्री गावाचा रस्ता तुटावा, असे डोळ्यांपुढे आणा. कोठीतले धान्य किती दिवस पुरेल, हा हिशेब आपल्या घरातली कोणतीही गृहिणी क्षणात करील.

तेव्हा पूंछमध्ये विमान उतरले पाहिजे, असे ठरले. पण उतरायचे कोठे? तिथे कवायतीचे मैदान होते. निर्वासित आणि जवान कामाला लागले. उंचवटे खणले, खळगे भरले, दगड वेचले. ज्यांची घरेदारे जळाली होती, त्यांनीच टोपल्या उचलल्या आणि सुमारे सहाशे यार्डांची एक धावपट्टी तयार केली. डाकोटासारख्या विमानाला, तेही भरल्या ओझ्याने, एवढी जागा म्हणजे बोळात मोटार वळवण्यातलाच प्रकार. आजूबाजूला ओढे आणि टेकड्या. अंदाज जरा चुकला की संपले.

या पट्टीवर डाकोटा पहिल्याने उतरवली ती एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी, १९४७ च्या डिसेंबरात. त्यांना सारे ‘बाबा’ म्हणत. हवाई दलात पुढे ‘मेहेर बाबा’ हेच नाव रूढ झाले. आपल्या मेहेराबादच्या अवतार मेहेरबाबांशी वाचकांनी गल्लत करू नये! हे बाबा मौनात बसणारे नव्हते. महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांनी ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले होते आणि डी. एस. ओ. हा मान मिळवला होता. काश्मीरमधल्या हवाई कारवाईची जबाबदारी आता त्यांच्यावर होती. एवढ्या हुद्द्याच्या माणसाने टेबलाशी बसून, ‘पाहा बुवा, जमते का’ असे कनिष्ठांना म्हटले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती. बाबांनी स्वतः सुकाणू हाती घेतले. आणि शेजारी नेले कोणाला? तर हवाई दलातले ज्येष्ठ अधिकारी सुब्रतो मुकर्जी यांना, जे पुढे १९५४ साली पहिले भारतीय हवाई दलप्रमुख झाले. पट्टी धड आहे, विमान उतरते आणि पुन्हा उडते, हे एकदा मोठ्यांनी करून दाखवल्यावर धाकट्यांना सबब उरली नाही.

मग पूंछचा हवाई पूल सुरू झाला. पीठ, मीठ, तांदूळ, औषधे, काडतुसे. नेमून दिलेल्या वजनाच्या कितीतरी अधिक ओझे ही विमाने वाहून नेत. पुढे मार्च १९४८ मध्ये शत्रूने डोंगरावर तोफा आणून पट्टीवरच मारा सुरू केला. दिवसा उतरणे धोक्याचे झाले. त्यावर उपाय असा निघाला की, उत्तर देणाऱ्या तोफाच विमानात घालून आत न्यायच्या. त्या नेल्या गेल्या. रात्रीच्या अंधारात विमाने उतरवली गेली; दिशा दाखवायला पट्टीच्या कडेने ठेवलेले तेलाचे दिवे, एवढीच काय ती रोषणाई. आज दारोदारी पणत्यांच्या ओळी लागलेल्या असताना ती ओळ मला पुन्हापुन्हा आठवते. खाली दोन रांगा मिणमिणत्या ज्योतींच्या, आणि त्यांच्या मधल्या काळोखात कित्येक टन वजनाचे विमान टेकवायचे!

निःशस्त्र डाकोटांनी काही वेळा बॉम्बफेकही केली. पद्धत घरगुतीच. बॉम्ब आत रचायचे आणि ठिकाण आले की मालाच्या दारातून बाहेर लोटायचे. जिथे विमान उतरू शकत नसे, तिथे अन्नही असेच वरून टाकीत. धान्य दुहेरी पोत्यांत भरत. आपटल्यावर आतले पोते फुटले तरी बाहेरचे दाणे सांभाळून ठेवी. आपल्या बायका लोणच्याच्या बरणीला जसा वरून दुसरा दादरा बांधतात, तीच ही अक्कल.

पण पूंछच्या खेपांमधली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही की, ती विमाने परत जाताना रिकामी जात नसत. येताना पीठ आणि दारूगोळा, जाताना जखमी आणि निर्वासित. एखादी आई पोराला पोटाशी धरून, आदल्या घटकेला जिथे पिठाची पोती होती त्याच पत्र्यावर, पिठाच्या भुकटीतच बसली असेल. तिला विमानाचे नावही ठाऊक नसेल. आपण सुटलो, एवढेच तिला कळले असेल. पूंछचा वेढा वर्षभर चालला. १९४८ च्या नोव्हेंबरात आपल्या फौजा जमिनीच्या मार्गाने तिथे पोहोचल्या, तोपर्यंत शहर तग धरून होते. या वर्षभरात त्या शहराचे श्वास त्या सहाशे यार्डांच्या पट्टीतून चालले होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पूंछनंतर पाळी आली लेहची. लडाख तर आणखी दूर आणि आणखी उंच. १९४८ च्या ऐन हिवाळ्यात कॅप्टन पृथीचंद मूठभर स्वयंसेवक घेऊन, बर्फाने भरलेली झोजी ला ओलांडून, पायी लेहला पोहोचले होते. त्यांच्या बरोबर सोनम नोर्बू नावाचे लडाखी इंजिनिअर होते. त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधू नदीच्या काठी एक धावपट्टी आखली आणि तयार करवली. यंत्रे नव्हती, होती ती फावडी, टोपल्या आणि माणसे. पट्टीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेदहा हजार फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट!

इतक्या उंचीवर हवा विरळ. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाची ताकदही उतरते, म्हणून उडण्यासाठी अधिक लांब धावावे लागते. शिवाय तिथे पोहोचायला वाटेत त्याहूनही उंच डोंगर ओलांडायचे. डाकोटात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. त्या मार्गाचे नकाशे अपुरे, आणि दुपार झाली की दऱ्यांतून वारे उसळतात. २४ मे १९४८ रोजी मेहेरसिंग यांनी पुन्हा स्वतःच विमान काढले. या वेळी त्यांचे प्रवासी होते मेजर जनरल थिमय्या. दोघेही असे हुद्देदार की, विमान डोंगराला धडकले असते तर काश्मीरच्या आघाडीचे दोन खांब एका क्षणात कोसळले असते. पण विमान सिंधूकाठच्या त्या पट्टीवर नीट उतरले. पुढच्या दिवसांत गुरखा जवान याच वाटेने लेहला आले आणि लेह राहिले.

इथे ही कथा संपवली असती तर ती दिवाळी अंकाला शोभेशी गोड झाली असती. पण अर्धीच सांगितल्यासारखे होईल. कारण त्याच दिवसांत, लेहच्या वायव्येला, स्कर्दू नावाचे ठाणेही वेढ्यात होते. लेफ्टनंट कर्नल शेरजंग थापा तिथे थोड्याशा शिबंदीनिशी फेब्रुवारी १९४८ पासून झुंजत होते. त्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या तुकड्या वाटेतच अडवल्या गेल्या. विमानाने रसद टाकावी म्हटले, तर डोंगरांच्या त्या गर्दीत जड आणि सावकाश डाकोटाने खाली येऊन माल टाकणे शक्य नाही, असे ठरले. पुढे टेंपेस्ट या लढाऊ विमानांना नळकांडी बांधून थोडे सामान टाकून पाहिले गेले. पण लढाऊ विमानाच्या खिशात मावून मावून किती मावणार? सहा महिने थापा टिकले. धान्य सरले, काडतुसे सरली, आणि १४ ऑगस्ट १९४८ रोजी स्कर्दू पडले. शत्रूच्या हाती लागलेल्या सैनिकांपैकी बहुतेकांची कत्तल झाली. थापा बचावले आणि पुढे त्यांना महावीरचक्र मिळाले.

पूंछ, लेह आणि स्कर्दू. तिन्ही ठिकाणची माणसे सारखीच शूर होती. थापांच्या जवानांना धैर्य कमी पडले, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? पूंछला आणि लेहला विमान पोहोचले, स्कर्दूला पोहोचू शकले नाही. फरक पडला तो एवढ्याने. शौर्याला पोट असते आणि बंदुकीलाही भूक असते, हे पानिपतावर आपण ज्या किमतीला शिकलो, जवळजवळ तीच किंमत त्या दुर्गम ठाण्याने मोजली. म्हणून पूंछच्या खेपा मोजताना मी मनाशी स्कर्दूच्या न झालेल्या खेपाही मोजतो. त्याशिवाय त्या पोत्यांचे खरे वजन कळत नाही.

मेहेरसिंग यांनाही महावीरचक्र मिळाले. पण पुढे लौकरच त्यांनी हवाई दलाची नोकरी सोडली. १९५२ च्या मार्चमध्ये जम्मूहून दिल्लीकडे विमान नेत असता ते वादळात सापडले, आणि त्या अपघातात त्यांचा अंत झाला. वयाची चाळिशीही त्यांनी गाठली नव्हती. साऱ्या पर्वतांनी ज्यांना वाट दिली, त्यांना शेवटी मैदानाच्या वाटेवर वाऱ्याने गाठावे, याला काय म्हणावे!

डाकोटा मात्र दीर्घायुषी निघाली. हवाई दलात ती पुढे कित्येक वर्षे राबली. नंतर तिच्या जागी पॅकेट आणि आणखी मोठी विमाने आली. १९६२ च्या जुलैत स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दौलत बेग ओल्डी येथे, सोळा हजार फुटांहूनही उंच जागी, पॅकेट उतरवले. बाबांनी लेहला पाडलेली वाट अशी आणखी वर चढत गेली. आणि २०१८ साली एक मौजेची गोष्ट घडली. इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलेली एक जुनी डाकोटा स्वतःच्या पंखांनी उडत भारतात आली आणि हवाई दलात समारंभाने दाखल झाली. राजीव चंद्रशेखर यांनी ती भेट दिली. त्यांचे वडील, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर, स्वतः डाकोटाचे वैमानिक होते. विमानाचे नाव ठेवले ‘परशुराम’, आणि अंगावर क्रमांक रंगवला व्ही. पी. ९०५. १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला जवान नेणाऱ्या डाकोटाचा तोच क्रमांक. मुलाने वडिलांच्या बैलाची आठवण म्हणून दाराशी तसाच बैल आणून बांधावा, तसे हे झाले. मला ते फार आवडले.

तरीही नुसत्या विमानाला हार घालून आपले ऋण फिटत नाही. विमान चालवणारा असतो, वाट काढणारा असतो, बिनतारी यंत्राशी बसणारा असतो, दारात उभा राहून पोती लोटणारा असतो, रात्रभर जागून इंजिन दुरुस्त करणारा असतो. त्यांतल्या फार थोड्यांच्या छातीवर पदके लागली. मराठी घरांतूनही हवाई दलाच्या वाहतूक विमानांवर किंवा सैन्याच्या पुरवठा खात्यात आयुष्य काढलेली माणसे आहेत. दिवाळीला सारे एकत्र जमले की नातवंडे अशा आजोबांना विचारतात, ‘तुम्ही लढाईत किती शत्रू मारले?’ आजोबा हसतात आणि चकलीचा तुकडा मोडत गप्प राहतात. घरातली माणसे समजतात, यांच्याकडे सांगण्यासारखे काही नसावे.

या वेळी नातवंडांना जरा निराळा प्रश्न शिकवून पाहा. त्यांना म्हणावे, आजोबांना विचार, ‘तुम्ही जाताना काय घेऊन जात होता? आणि येताना कोणाला घेऊन येत होता?’ मग थोडा वेळ द्या. चहा पुन्हा एकदा टाकावा लागेल, अशी तयारी ठेवा.